चार बोटं सावली

वावरात हॅट घालणारा माणूस मला कायम उपराच वाटत आला. हॅट साहेबाची, सिनेमातल्याची, फार तर पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याची. आमच्या केनवडात गडी रुमाल नाहीतर दुपट्टा बांधतो, म्हातारी माणसं पांढरी टोपी घालतात, बाया डोक्यावरून पदर घेतात. एवढं पुष्कळ झालं, असं मी मानत होतो. आपल्या सावळ्या कातडीला ऊन काय करणार, हेही खात्रीने बोलत असे.

खरी गोष्ट याहून वाईट आहे. पुण्यात शिकणाऱ्या मुलीने आईसाठी एक हॅट आणली होती, सुती, रुंद काठाची. ‘‘बाबा, निंदणात आईले कामी येईन,’’ म्हणाली. मी म्हणालो, ‘‘आईले मॅडम बनवतं काय? लोकं काय म्हणतीन?’’ बायको हसली आणि हॅट खुंटीला गेली. मी ते थट्टा म्हणून विसरून गेलो. ती थट्टा नव्हती, मनाई होती. बायकोला ते बरोबर कळलं होतं.

पुढे तिचा डोळा खुपायला लागला. लाली जाईना. धूळ असेल, सोयाबीनचं कुटार गेलं असेल, असं म्हणत आम्ही दिवस काढले. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो मोठा करून दाखवला. नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकलेला गुलाबी पापुद्रा, त्यात बारीक शिरा. टेरिजियम म्हणतात त्याला, आपल्याकडे डोळ्यात मांस वाढणं. वर्षानुवर्षं ऊन, धूळ आणि वारा यांत राबणाऱ्यांना ते जास्त होतं, आणि त्यात मोठा वाटा उन्हातल्या अतिनील किरणांचा.

‘‘मावशी, वावरात डोक्यावर काय घेता?’’

‘‘पदर असते ना.’’

डॉक्टरांनी हातातली बॅटरी तिच्या डोक्याच्या वर, थोडी पुढे धरली. पदर जागेवर होता, तरी उजेड सरळ डोळ्यांवर, नाकावर, गालांवर. मग त्यांनी तिच्या कपाळाला आमचीच फाइल आडवी लावली. दोन्ही डोळे सावलीत गेले. फाइल काढली, उजेड. लावली, सावली.

मी शेजारी उभा होतो. डोकं झाकणं वेगळं आणि डोळ्यांवर सावली पडणं वेगळं, हे कळायला मला दवाखाना लागला. बैल बांधताना दुपारी झाडाची सावली कुठे सरकेल, याचा मी रोज अंदाज घेतो. ज्या बाईने माझ्याबरोबर जन्म वावरात काढला, तिच्या चेहऱ्यावर ऊन कुठे पडतं हे मी कधी पाहिलं नाही. एका हॅटने सगळं टळलं असतं, असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण ती हॅट घरात होती, आणि माझ्या शब्दामुळे खुंटीवर होती.

त्यानंतर मी याबद्दल वाचू-विचारू लागलो. आपण उन्हाळ्याला भितो. पण आपल्या भागात सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, एकदा मे महिन्यात आणि दुसऱ्यांदा जुलैच्या उत्तरार्धात. जुलैत ढग असतात म्हणून लक्षात येत नाही. नेमकं तेव्हाच निंदण चालू असतं, आणि पातळ ढगांतून अतिनील किरणं बऱ्यापैकी खाली येतात. सावळ्या कातडीला त्यांच्यापासून थोडं संरक्षण असतं, डोळ्यांना ते नसतं. ऑस्ट्रेलियात 1981 पासून सदरा, मलम आणि हॅट यांचा मोठा प्रचार झाला. तिथे काठ निदान साडेसात सेंटिमीटर हवा म्हणतात. म्हणजे आपली चार बोटं. तोही चहूबाजूंनी, कारण क्रिकेटच्या टोपीत कान आणि मान उघडीच राहते.

घेताना मी आता कापड उजेडाकडे धरून पाहतो. आरपार दिसलं तर ठेवून देतो. काठ आतून गडद हवा, म्हणजे जमिनीवरची चमक डोळ्यांत येत नाही. हनुवटीखाली बांधायला नाडी हवी, नाहीतर वारा टिकू देत नाही. रुमाल मात्र सोडायचा नाही. वाकून निंदताना मान उघडी पडते, तेव्हा हॅटखालून मागे सोडलेला ओला रुमाल लागतो. आणि डोक्यावर भारा घ्यायचा तर हॅट काढून चुंबळच ठेवावी लागते. ही अडचण खरी आहे, आणि बाया हॅट घेत नाहीत त्याचं एक कारण तेही असावं. पण भारा दिवसभर नसतो, निंदण दिवसभर असतं.

बायको आता रुमालावर हॅट घालते. पहिल्या दिवशी शेजारच्या वावरातून हसण्याचा आवाज आला. मी त्यांना उत्तर दिलं नाही, दुसरी हॅट आणून स्वतः घातली. आता आमच्याकडे निंदायला येणाऱ्या बायांसाठीही घेऊन ठेवल्या आहेत, आणि त्या वापरतात.

तुमच्या वावरात बाया निंदायला येत असतील, तर यंदा औषध-खत आणायला जाल तेव्हा त्यांच्यासाठी रुंद काठाच्या हॅट घ्या. आणि घरातल्या बाईला आधी द्या, सगळ्यांदेखत.