शंभरांत हजार, कीं शंभराचे हजार?

घरीं अवचित पाहुणे आले म्हणजे ताकाच्या भांड्यांत तांब्याभर पाणी अधिक पडतें, हें सर्वांस ठाऊक आहे. ताक वाढतें; परंतु त्यांतील दही वाढत नाहीं अथवा कमीही होत नाहीं. तें फक्त अधिक वाट्यांत वांटलें जातें. तीव्र द्रावणापासून सौम्य द्रावण तयार करण्याची सारी विद्या या एका गोष्टींत सांठविलेली आहे. असें असतां या सोप्या कामांत आमच्या हातून एकदां कशी चूक झाली व तिचें पुढें काय झालें, तें आमच्या बालमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही वरच्या वर्गांत असतांना रसायनशाळेंतील कपाटाची व्यवस्था आमच्याकडे होती, आणि तिचा आम्हांस थोडा अभिमानही होता. बाजारांतून येणारें हायड्रोक्लोरिक ॲसिड फार तीव्र, सुमारें १२ मोलर असतें. बूच काढतांच त्याची वाफ नाकास झोंबते. तें आमच्या हातीं कधींच देत नसत. गुरुजी स्वतः त्यांतील सुमारें ८५ घनसेंटिमीटर ॲसिड पुष्कळशा पाण्यांत हळूहळू ओतीत, पाणी घालून त्याचें १ लिटर करीत, आणि नंतर पारखून बरोबर १ मोलर द्रावण बाटलींत भरून ठेवीत. “पाण्यांत ॲसिड घाला, ॲसिडांत पाणी घालूं नका,” असें ते प्रत्येक वेळीं बजावीत. कारण दोहोंच्या मिश्रणांत उष्णता निघते; विशेषतः तीव्र सल्फ्युरिक ॲसिडांत पाणी पडलें तर तें जागच्या जागीं उकळून ॲसिड अंगावर उडतें.

एके दिवशीं आम्हांस आज्ञा झाली, कीं उद्यां वीस मुलांच्या तुकडीस प्रयोगासाठीं दशांश मोलर ॲसिड लागेल, तें तयार करून ठेवावें. हिशेब आम्हांस तोंडपाठ होता. तीव्रता व आकारमान यांचा गुणाकार पाणी घालण्यापूर्वीं व घातल्यानंतर सारखाच राहतो: १ × १०० = ०·१ × १०००. यांतील १००० हें शेवटचें एकूण आकारमान होय. म्हणून १०० घनसेंटिमीटर मूळ द्रावण, गळ्यावर खूण असलेल्या १ लिटरच्या चंबूंत घ्यावयाचें, व खुणेपर्यंत पाणी भरावयाचें.

परंतु शाळा सुटण्याची वेळ झाली होती. आम्ही १०० घनसेंटिमीटर ॲसिड एका मोठ्या बाटलींत ओतलें, आणि तो चंबू नुसत्या पाण्यानें खुणेपर्यंत भरून सबंध त्यांत रिकामा केला. एक भाग ॲसिड व दहा भाग पाणी; दहापट झालें, असें आम्हांस वाटलें. वास्तविक भाग अकरा झाले होते! बाटलीस सुंदर अक्षरांत चिठ्ठी लावून आम्ही आनंदानें घरीं गेलों.

दुसऱ्या दिवशीं ब्युरेटमध्यें आमचें ॲसिड, व खालीं लहान चंबूंत १० घनसेंटिमीटर दशांश मोलर कॉस्टिक सोडा. त्यांत फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकतांच द्रावण गुलाबी होई. ब्युरेटमधील ॲसिड १० वर रंग घालवील, हें सर्वांस आधींच ठाऊक होतें. पण १० झाले, १०·५ झाले, तरी रंग जाईना! मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. मग एकानें वहींत ९·९ लिहिलें, दुसऱ्यानें १०·१. आम्हीही १०·० लिहिलें. शेवटच्या बाकावरील एका मुलानें मात्र तीनदां प्रयोग करून तिन्ही वेळां ११·० लिहिलें.

“अरे, लक्ष कोठें आहे? पुन्हां कर,” गुरुजी म्हणाले. त्यानें पुन्हां केला, पुन्हां ११·०. त्याचे डोळे भरून आले, पण त्यानें आंकडा खोडला नाहीं.

त्या क्षणीं आम्हांस आमचे अकरा भाग आठवले. खरें लिहावयाचें तर आम्ही त्या दिवशीं गप्प बसलों. रात्रीं झोंप मात्र लागली नाहीं. सकाळीं प्रार्थना संपतांच आम्ही गुरुजींकडे गेलों व सर्व सांगितलें.

गुरुजी रागावले नाहींत. ते वर्गांत आले व त्यांनीं फळ्यावर लिहिलें: १०० ÷ ११०० = ०·०९१. “इतक्या सौम्य ॲसिडाचे १० नव्हे, ११ घनसेंटिमीटरच लागणार,” ते म्हणाले. “काल या वर्गांत एकच उत्तर खरें होतें.” मग शेवटच्या बाकाजवळ जाऊन त्यांनीं त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला. “माझी चूक झाली, बाळ,” असेंही ते सर्वांदेखत म्हणाले. आम्हीं मान खालीं घातली. आम्हांस शिक्षा एवढीच झाली, कीं द्रावण नव्यानें करावें, आणि यापुढें चिठ्ठीवर तारखेबरोबर स्वतःचें नांवही लिहावें.

बालमित्रहो, त्या बाटलींतील चूक वीस ब्युरेटांत वांटली गेली, म्हणून ती कमी झाली नाहीं. प्रत्येकाच्या वांट्यास ती पुरतीच आली. चूक कोणाच्याही हातून होते. पण पुस्तकांतील १० लिहिण्याऐवजीं डोळ्यांस दिसलेले ११ लिहिणारा एकजण वर्गांत होता, म्हणूनच ती उघडकीस आली. आम्ही त्याचे आजही ऋणी आहों.