फजिता

बँकेत पंचवीस वर्षे कॅश काउंटरवर बसलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. समोर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची तो मनातल्या मनात नावे आणि जमा अशी विभागणी करून टाकतो. लग्नातला आहेर, शेजाऱ्याने नेलेली वाटीभर साखर, सासुरवाडीहून आलेली आंब्याची पेटी, सगळ्याची नोंद होते. आमची ही म्हणते, "अहो, माणसांशी बोलताना तरी खतावणी मिटत जा!" मी मिटतो. पण आत बेरीज चालूच असते.

धाकट्या भावाने आम्हाला अमेरिकेला बोलावले, तेव्हा या बेरजेने माझी झोप उडवली. तो टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओ नावाच्या शहरात असतो. आई, बायको आणि मी, तिन्ही तिकिटे त्याने पाठवलेली. अलामोचा किल्ला दाखवला त्याने, नदीतल्या होडीत बसवले त्याने, माझ्या चपलांकडे बघून बूट घेऊन दिले तेही त्यानेच. पंधरा दिवसांत माझ्या नावे इतकी रक्कम चढली की, एवढी थकबाकी एखाद्या कर्जदाराची असती तर मॅनेजरने मला त्याच्या उंबऱ्यावर नेऊन बसवले असते. मी खिशात हात घातला की धाकटा म्हणायचा, "राहू दे रे दादा, तू पाहुणा आहेस." थोरल्या भावाला पाहुणा म्हणणे, हे आमच्या कोल्हापुरात शिवीच्या शेजारीच राहते.

शेवटी मी ठरवले. निदान एका रात्रीचे जेवण माझ्याकडून. पासपोर्टच्या पिशवीत मी वीस-वीसच्या सहा नोटा बाजूला ठेवल्या होत्या. म्हणजे एकशेवीस डॉलर. माणसे सहा. आता हॉटेल तेवढे शोधायचे.

"इथं घरच्या माणसांना घेऊन जायचं तर टेक्स-मेक्स," असे भावजयीने सांगितले. मला हे नाव इंजिन ऑइलच्या डब्यावरचे वाटले. फार चुकलो नव्हतो. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात बसून पाहिले, तर हे नाव आधी एका रेल्वेचे होते. १८७५ साली सनद मिळालेल्या टेक्सास मेक्सिकन रेल्वेला लोक लाडाने टेक्स-मेक्स म्हणत. पुढे ते माणसांना लागले आणि मग जेवणाला. आमच्याकडे उद्या कोणी 'एक प्लेट कोयना एक्स्प्रेस' मागवली, तर जसे होईल तसेच.

हे जेवण मेक्सिकोचे म्हणावे तर मेक्सिकोवाले नाक मुरडतात, आणि अमेरिकेचे म्हणावे तर त्यात चव आहे. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोतच होते. सरहद्द सरकली, पण चुली जागच्या जागी राहिल्या. तिथल्या मेक्सिकन बायकांनी गव्हाच्या पोळ्या, पिवळे चीज, गोमांस आणि मुख्य म्हणजे भरपूर जिरे यांचा संसार थाटला. सॅन अँटोनिओच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रात्री कंदील लावून बायका लालभडक रस्सा विकत. त्यांना 'चिली क्वीन' म्हणत. १९३० नंतरच्या दशकात आरोग्य खात्याच्या नियमांनी त्यांच्या गाड्या उठवल्या. राणीला सुद्धा म्युनिसिपालटी सोडत नाही, हे वाचून मला एकदम घरच्यासारखे वाटले.

आणि ती मिरची! तिचे माहेर मेक्सिकोकडचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. म्हणजे मी आमच्या तांबड्या रश्श्याच्या आजोळी येऊन बसलो होतो. उलट जिरे आपल्या बाजूच्या जगातून स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले. मिरचीची आयात, जिऱ्याची निर्यात. ताळेबंद चोख.

अडचण एकच होती. आमची आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून तिने अंड्याच्या ट्रेकडे सुद्धा पाठ केली आहे. आम्ही बाकीचे मटणाला नाही म्हणत नाही, पण गोमांस नको. आणि टेक्स-मेक्सची गंमत अशी, की ते दिसायला साधेभोळे आणि आतून फितूर. घेवड्याची घोटलेली उसळ दिसते सात्त्विक, पण पुष्कळदा ती डुकराच्या चरबीत परतलेली. भात केशरी आणि गोजिरवाणा, पण शिजलेला कोंबडीच्या पाण्यात. चीजची एंचिलाडा नावाला शाकाहारी, वर रस्सा मात्र खिम्याचा. कर्जाच्या अर्जातली बारीक अक्षरे वाचण्यात माझे आयुष्य गेले आहे. पण अशी अक्षरे मी पाहिली नव्हती.

तेव्हा अटी ठरल्या. आईला जेवता आले पाहिजे. पुतण्या अकरा वर्षांचा, त्याचा आवाज कोणाला खुपता कामा नये. बिल नोटांच्या आत बसले पाहिजे. आणि यातले काहीही धाकट्याला कळता कामा नये.

पहिले हॉटेल नदीकाठचे. बाहेर टांगलेल्या दरपत्रकावरचा पहिलाच आकडा वाचून मी नदीचे सौंदर्य पाहू लागलो. दुसऱ्या ठिकाणी टेबलावर कडक इस्त्रीचे पांढरे रुमाल घडी घालून उभे केलेले. तिथल्या तरुणाला मी टेक्स-मेक्सबद्दल विचारताच, वैद्याच्या दुकानात विडी मागितल्यासारखा त्याने चेहरा केला. "आमच्याकडे अस्सल मेक्सिकन मिळतं," तो म्हणाला. या भेदालाही इतिहास आहे. डायना केनेडी नावाच्या बाईंनी १९७२ साली मेक्सिकोच्या पाककलेवर पुस्तक लिहिले आणि सरहद्दीच्या अलीकडचे ते खरे मेक्सिकन नव्हे, असे बजावले. तेव्हापासून बिचारे टेक्स-मेक्स सावत्र झाले. रात्री उशिरापर्यंत दारू घुसळणारे तिसरे ठिकाण मी बाहेरूनच सोडले. तिथे आईस्क्रीमच्या यंत्रासारख्या यंत्रातून मार्गारिटा नावाचे मद्य बर्फासारखे पडत होते. १९७१ साली डल्लासच्या एका हॉटेलवाल्याने आईस्क्रीमच्याच यंत्रातून ते पहिल्यांदा काढले. ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या सरकारी संग्रहालयात आहे. पण आईच्या माळेसमोर ते नको होते.

शेवटी पत्ता लागला तो टायरच्या दुकानाशेजारी. लाल रेक्झिनची बाकडी, छताला रंगीत कागदाच्या झिरमिळ्या, कोपऱ्यात लहान मुलांच्या उंच खुर्च्यांची चळत. एक आजी मांडीवर नातवाला थोपटत होती, आणि त्याच्या रडण्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहत नव्हते. मी मनात शिक्का मारला: पास!

शनिवारी संध्याकाळी सहाही जण गेलो. बसतो न बसतो तोच मक्याच्या तळलेल्या तुकड्यांची टोपली आणि तिखट साल्सा समोर आला. न मागता. मी घाबरून पुतण्याला विचारले, "याचे किती?" तो म्हणाला, "काका, हे फ्री." खाते उघडण्यापूर्वीच व्याज देणारी संस्था मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. आमच्या हिने तीन टोपल्या संपवल्या.

वाढणारी बाई साठीची. तिने सगळ्यांना 'मिहो' म्हणून हाक मारली. मिहो म्हणजे बाळा. माझ्या टकलाकडे बघूनही तिने बाळाच म्हटले, तेव्हा मी एक गुण वाढवला. पुतण्या शाळेत स्पॅनिश शिकतो. त्याने आजीच्या वतीने उलटतपासणी सुरू केली. 'मांतेका' म्हणजे चरबी, हा शब्द दोनदा ऐकू आला. मग तो मोडक्या मराठीत ओरडला, "आजी, बीन्समध्ये डुक्कर नाही आहे!" आसपासच्या टेबलांना मराठी येत नव्हते, ही पांडुरंगाची कृपा.

आईने गव्हाची टॉर्टिया दोन बोटांनी चाचपली. "चपातीच की ही. जरा जाड लाटलीया," म्हणाली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा बाहेर पोटभर जेवली.

मी मेनू उजवीकडून वाचतो, म्हणजे आधी आकडे. पण त्यात एक शब्द दिसला आणि मी मोठ्याने वाचला, "हे फजिता म्हणजे काय?" सगळे टेबल हसले. त्याचा उच्चार फाहिता. गुरे राखणाऱ्यांच्या वाट्याला येणारा हलका, पट्ट्यासारखा मांसाचा तुकडा, म्हणून हे नाव. १९७३ साली ह्यूस्टनमध्ये निन्फा लॉरेन्झो नावाच्या विधवा बाईंनी तसले मांस भाजून, टॉर्टियात घालून विकले आणि गरिबाचा तुकडा श्रीमंत झाला. धाकट्याने कोंबडीची फाहिता मागवली. ती तापल्या तव्यावर चुरचुरत, धुराचा लोट सोडत अशी आली, की एस.टी.चे इंजिन तापल्याचा भास व्हावा. मी उसळ आणि चीजचे दोन टाको घेतले. "पित्त झालंय," असे सांगून टाकले. ते सगळ्यात स्वस्त होते, हा निव्वळ योगायोग.

जेवण संपत आले तसा धाकटा उठला. "हात धुऊन येतो." हात धुवायला जाणारा माणूस खिसा चाचपत जात नाही, हे मला काउंटरवरच्या अनुभवाने कळते. तो परस्पर कार्ड देऊन आला होता. पण मी सुद्धा कच्च्या गुरूचा चेला नव्हे. पुतण्याला मी आधीच फितवून ठेवला होता, आणि त्याने बाईच्या कानात सांगितले होते, "मि तीओ पागा." माझा काका पैसे देणार.

बाई आली. सगळ्यांसमोर तिने धाकट्याचे कार्ड त्याच्या हातात परत ठेवले, बिलाची तबकडी माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "मिहो."

"अरे दादा, काय हे! डॉलर कशाला मोडतोस?" धाकटा उठला.

"गप बस की," आई म्हणाली. "थोरला देतोय न्हवं? देऊ दे त्याला."

सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. मी चष्मा चढवला. जेवण ९२ डॉलर ४० सेंट. त्यावर सव्वाआठ टक्के कर, ७ डॉलर ६२. झाले १०० डॉलर २ सेंट. अठरा टक्के बक्षिसी १६ डॉलर ६३. एकूण ११६ डॉलर ६५. सहाही नोटा मोजून ठेवल्या, दोनदा. उरलेले ३ डॉलर ३५ सेंट तिलाच राहू द्या, असे मी हाताने खुणावले, तेव्हा मला संस्थानिक झाल्यासारखे वाटले.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत ऊन अजून कलले नव्हते. बायका पुढे गेल्या. धाकटा माझ्याबरोबर रेंगाळला.

"दादा, तुझा पहिला पगार झाला, तेव्हा मला मिसळ खायला नेलं होतंस. आठवतं?"

"हो. तू दोन प्लेटा हाणल्यास."

"आणि तू नुसता चहा प्यालास. पित्त झालंय म्हणालास." तो थोडा थांबला. "तुला पित्त नाही दादा. कधीच नव्हतं."

मी बुटांकडे बघू लागलो. त्यानेच घेतलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला, तर हॉटेलातून बांधून आणलेला पांढरा डबा. आत त्याची अर्धीअधिक फाहिता, हातही न लावलेली. झाकणावर वाकड्यातिकड्या, सवय मोडलेल्या देवनागरीत लिहिले होते: 'दादा. पित्त असले तरी.'

ओट्याशी उभ्याने, गरम न करताच मी ती खाल्ली. एवढी चविष्ट फजिता मी आजवर खाल्ली नाही. नावे टाकावी की जमा, ते अजून ठरायचे आहे. आमची ही म्हणते, खतावणी मिटा. या खेपेला मिटली.