कापलेली नावं

‘ज्ञानेश्वर’ हे नाव युनिकोडमध्ये साठवायला 30 बाइट लागतात. ज, पायमोड, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा पायमोड, व आणि र अशी ही दहा चिन्हं, आणि यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘त्र्यंबकेश्वर’ला 39 लागतात. ज्ञानेश्वर हेच नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर 11 बाइटांत भागतं. आज हे मला पाठ आहे. ज्या वर्षी ठाऊक असायला हवं होतं, त्या वर्षी मी मोजलं नाही, आणि निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या कांद्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले.

मी नाशिकमध्ये डेटाबेस सांभाळण्याचं काम करतो. तेव्हा आमच्याकडे एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीचं काम होतं. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर बाजार समित्यांमधला रोखीचा व्यवहार आटला. आधी धनादेश आले, मग थेट बँकेत पैसे जमा करणं वाढलं. लिलाव झाला, काट्यावर वजन झालं, हिशोबपट्टी झाली की शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जायला हवी. म्हणजे प्रत्येकाचं नाव, गाव आणि खाते क्रमांक संगणकात हवा. पट्टी शेतकऱ्याला स्वतः वाचता यावी म्हणून नावं मराठीतच हवीत, असा मालकांचा आग्रह होता आणि तो रास्त होता.

जुन्या प्रणालीतही मराठी होतं, पण ते फॉन्टच्या युक्तीवर चालणारं. आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि खुणा, वर विशिष्ट फॉन्ट चढवला की मराठी दिसायचं. तिथे एका खुणेला एकच बाइट लागत असे, त्यामुळे पूर्ण नावाचा 60 चा रकाना पुरत होता. नवा डेटाबेस ओरॅकलवर युनिकोडमध्ये उभा करताना मी तोच 60 आकडा जसाच्या तसा उचलला. ओरॅकलमध्ये वेगळं सांगितलं नाही तर ही लांबी बाइटमध्ये धरली जाते, अक्षरांमध्ये नाही. 60 बाइट म्हणजे देवनागरीची जेमतेम वीस चिन्हं.

माहिती भरायला घेतली तसा डेटाबेस अडला. मूल्य रकान्यापेक्षा मोठं आहे, असं तो स्पष्ट सांगत होता. तिथेच थांबून रकाना मोठा करणं हे अगदी छोटं काम होतं. पण दुसऱ्या दिवसापासून नवी प्रणाली सुरू करायची होती. मी भरणीच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकली: नाव साठ बाइटच्या पुढे गेलं तर कापून टाक. सगळी भरणी बिनतक्रार झाली. ज्या सूचनेमुळे चूक जागच्या जागी सापडली असती, ती मी स्वतः बंद केली होती.

आपल्याकडे वहीत नाव लिहायची पद्धत आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशी. म्हणजे जागा संपली की कापलं जातं ते वडिलांचं नाव. आणि भाऊकीत नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची चाल जुनी आहे. दोन चुलत भाऊ, दोघांचं आडनाव एक, दोघांचं नाव एक, गाव एक. फरक एवढाच की एकाचे वडील रामदास, दुसऱ्याचे रामनाथ. (ही नावं मी बदलून सांगतो आहे.) कापाकापीनंतर दोघांच्याही नावापुढे ‘राम’ एवढंच उरलं.

पुढे उन्हाळ कांद्याची आवक वाढली तशी प्रणाली मंदावली. मी तपासलं तर एकाच नावाच्या अनेक नोंदी दिसल्या. मी त्यांना ‘डुप्लिकेट’ ठरवलं. नाव आणि गाव जुळतं त्या नोंदी एकत्र केल्या आणि उरलेल्या पुसल्या. कोणती नोंद कशात मिसळली, याची यादीसुद्धा ठेवली नाही. रात्रीचा बॅकअप आहेच, असं मनाशी म्हटलं.

पेढीवरच्या दिवाणजींना हे विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. त्यांच्या जुन्या वहीत या दोघांपुढे ‘मळ्यातले’ आणि ‘गावातले’ असं लिहिलेलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात ते जुन्या संगणकातही होतं. काहीही भरलेला, शिस्त नसलेला रकाना म्हणून मी तो नव्या रचनेत घेतलाच नव्हता. माणसं ओळखायची खूण नेमकी त्यातच होती. आजही कोणी नवं टेबल आखून माझ्याकडे आणलं, तर मी आधी शेऱ्याचा रकाना उघडतो. लोकांनी तिथे काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय टेबल मान्य करत नाही.

पट्टी मळ्यातल्याची आणि पैसे गावातल्याला, असं झालं. तेव्हा एनईएफटीची रक्कम केवळ खाते क्रमांकावर जात असे. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं ते 1 एप्रिल 2025 पर्यंत. मळ्यातला शेतकरी पट्टी घेऊन पेढीवर आला. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. मालकांनी दिवाणजींना फैलावर घेतलं. इतकी वर्षं वही सांभाळता, एवढंही बघता येत नाही का, असं सगळ्यांसमोर सुनावलं. मी तिथेच बसलो होतो. नोंदी कोणी एकत्र केल्या, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी बोललो नाही. ‘सिस्टीम चेक करतो’ म्हणालो आणि उठून गेलो.

बॅकअप उघडून परत सगळं जसं होतं तसं करायचं आणि कोणाला कळू द्यायचं नाही, हा माझा विचार होता. बॅकअपची फाइल अर्धीच निघाली. डिस्क भरल्यामुळे ती मध्येच तुटत होती, आणि माझी स्क्रिप्ट दर वेळी शेवटी ‘पूर्ण’ असं लिहीत होती, फाइल खरंच पूर्ण झाली की नाही हे न पाहता. मी रोज तो शब्द वाचत होतो. एकदाही ती फाइल दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिली नव्हती. जुन्या प्रणालीचं यंत्र तर मी पुसून दुसऱ्या कामाला देऊन टाकलं होतं.

दुःख याचं आहे की मला हे माहीत नव्हतं असं नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसची फाइल-डिरेक्टरी पुसली. पाठोपाठ कळलं की बॅकअपच्या पाचही वाटांपैकी एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे फसत होता, आणि तो फसल्याची ईमेल कोणापर्यंत पोचतच नव्हती. सुमारे सहा तासांची माहिती गेली. पण त्या लोकांनी त्याच वेळी सगळ्या जगाला सांगितलं की आमच्याकडून असं झालं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. मी ते सगळं वाचलं होतं, सहकाऱ्यांना समजावून सांगितलं होतं. त्यातला बॅकअपचा धडा मी अर्धवट घेतला आणि उघडपणे सांगण्याचा अजिबात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढीवर जाऊन आधी दिवाणजींना सांगितलं, मग मालकांना. दिवाणजी मला एक शब्द बोलले नाहीत. कपाटातून पट्ट्यांच्या कार्बन प्रतींचे गठ्ठे काढून समोर ठेवले. ते एकेक पट्टी वाचत गेले, कोण मळ्यातला, कोण वस्तीवरचा, कोणाचे वडील कोण, हे सांगत गेले, आणि मी टाइप करत गेलो. गावातल्या भावाने पैसे आपण होऊन परत केले. फी मात्र उशिरा भरली गेली.

कागद संगणकापेक्षा चांगला, असं मला म्हणायचं नाही. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा फाइलींचे ढीग जळाले, आणि कागदाची एकच प्रत ठेवण्याचं मोल राज्याने पाहिलं. आमच्याकडे दुसरी प्रत एका माणसाने, कोणी न सांगता, जपली होती एवढंच. प्रत कशावर आहे याला महत्त्व नाही, ती उघडून वाचता येते का याला आहे.

आता मी दर महिन्याला बॅकअप वेगळ्या यंत्रावर उतरवतो, नोंदी मोजतो, काही नावं मूळ कागदाशी ताडून पाहतो. काही पुसण्याआधी त्याची प्रत वेगळ्या टेबलात ठेवतो. बदल करण्यापूर्वी त्या कामातल्या जुन्या माणसाला विचारतो. या सगळ्या गोष्टी शिकता येतात, मी शिकलो. त्या दुपारी दुसऱ्या माणसाला बोलणी खाऊ दिली, ती मात्र दुरुस्त होण्यासारखी चूक नाही, आणि माझ्या सगळ्या चुकांत मी तीच सर्वांत मोठी धरतो.

तुमच्या हिशोबपट्टीवर, पासबुकावर, रुग्णालयाच्या कागदावर तुमचं नाव मध्येच तुटलेलं दिसलं, तर ‘चालतंय’ म्हणून घडी घालून खिशात ठेवू नका. तिथल्या माणसाला दाखवा, पूर्ण लिहून मागा, आणि त्याने ऐकलं नाही तर पुन्हा मागा.