साडेपाच तास

खिदिरपुरास बदली होऊन आल्यापासून रस्त्याने डुलत जाणाऱ्या गोदीच्या लोखंडी पेट्या पाहण्याचा आम्हांस छंदच जडला आहे. 26 एप्रिल 1956 रोजी 'आयडियल एक्स' नावाचे जहाज अशा 58 पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, आणि जगाचा व्यापार पेटीबंद झाला. पुढे संगणकवाल्यांनीही हे नाव उचलले. 2013 साली 'डॉकर' प्रसिद्ध झाल्यापासून आज्ञावली आपल्या सरंजामासह 'कंटेनर'मध्ये बंद होऊन कोठल्याही यंत्रावर उतरू लागली. या पेटीशी आमचा संबंध मात्र एका पहारेकऱ्यामुळे आला.

चौदा तारखेची दिवसपाळी करून तो मध्यरात्रीनंतर साडेबारास, म्हणजे पंधरा तारखेस, बदली पाळीवर हजर झाला होता. हजेरीच्या तक्त्यात मात्र तो चौदा तारखेस दोनदा हजर आणि पंधरा तारखेस गैरहजर! तक्त्यात तारखा तेवढ्या छापलेल्या, वेळा नव्हत्याच. आम्ही बिनदिक्कत सही केली. एका दिवसाचा पगार कापला गेला. "साहेब, हम तो आये थे," एवढेच तो म्हणाला.

हजेरीची आज्ञावली त्याच महिन्यात कंटेनरमध्ये हलविली होती. यंत्राचे घड्याळ बरोबर होते. पण पेटीला बाहेरच्या यंत्राचा परिसर आपोआप मिळत नाही. बाहेरून काही न सांगितल्यास ती बहुधा ग्रीनिचची वेळ धरते, आपल्याहून साडेपाच तास मागे. वेळ, भाषा, माहितीसाठ्याचा पत्ता या गोष्टी 'एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल' म्हणून पेटी उभी करतानाच तिच्या हाती द्याव्या लागतात. बदल्यांत आयुष्य गेलेल्या आम्हांस हे चटकन पटले. माणूस तोच, मुक्कामाच्या रीतीभाती दाराशीच कोणी सांगितल्या तर ठीक, नाही तर पहिले सहा महिने फजितीचे!

आमच्या तरुण सहकाऱ्याने 'टीझेड' या चलाचे मूल्य एका फायलीत लिहून पेटी थांबवून पुन्हा चालू केली. वेळ जुनीच! जन्मवेळी मिळालेला परिसर नुसत्या थांबवण्या-चालवण्याने बदलत नाही; पेटी मोडून नवी उभारावी लागते. तशी ती उभारली, तरी घड्याळ हलेना. आत कालविभागांची सारणीच नव्हती, आणि अशा वेळी पेटी तक्रार न करता ग्रीनिचलाच चिकटून राहते. सारणी घातली, तेव्हा कोठे घड्याळ ताळ्यावर आले.

ते मूल्य होते 'एशिया/कोलकाता'. पुण्यातल्या यंत्रांनाही भारतीय वेळेसाठी हेच नाव द्यावे लागते, हे वाचून पुणेकर वाचकांस काय वाटेल ते वाटो! गंमत अशी की कलकत्त्याने स्वतःची निराळी वेळ 1948 पर्यंत सोडली नव्हती, आणि मुंबईने तर 1955 पर्यंत.

असो. कापलेला पगार पुढच्या महिन्यात मिळाला. पेटीची हकीकत सांगू लागलो, तर पहारेकऱ्याने ती ऐकून घेतली नाही. गैरहजेरीचा शेरा त्याच्या कागदांत राहणार की जाणार, एवढेच त्याने विचारले. आम्ही कागद मागविला, शेरा खोडला आणि खाली सही केली. या वेळी तारखेबरोबर वेळही घातली.