पॅरिशच्या दप्तरातील कारागीर

ऑक्सफर्डच्या पूर्वेस, मोटारींच्या कारखान्यामुळे नावारूपास आलेल्या काउली या भागात सेंट ल्यूकचे चर्च आहे. आता तेथे उपासना होत नाही; ऑक्सफर्डशायर परगण्यातील पॅरिशांची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील गावांची, जुनी दप्तरे एकत्र आणून तेथे जतन केलेली आहेत, आणि जेथे एके काळी प्रवचने होत तेथे आज अभ्यासक मान खाली घालून नोंदी वाचीत बसलेले दिसतात. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील इंग्लिश खेडे पाहावयास निघालेल्या माणसाने आधी या दप्तरखान्यात का यावे, असे कोणी विचारील. परंतु खेड्यातल्या दगडी भिंती जरी आजही डोळ्यांना दिसत असल्या, तरी त्या उभ्या करणारा गवंडी आता दप्तरातच भेटतो.

१८१२ साली झालेल्या कायद्याने इंग्लंडातील प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याची नोंद छापील तक्त्यात करणे पुढच्या वर्षापासून सक्तीचे झाले, आणि त्या तक्त्यात मुलाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण यांच्या जोडीला बापाचा दर्जा, धंदा अथवा पेशा लिहिण्यासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवण्यात आला. व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच १८३७ सालच्या जुलैपासून विवाहाच्या नोंदींतही वधूवरांच्या पित्यांचा धंदा लिहिला जाऊ लागला. ज्यांस सही करता येत नसे त्यांनी काढलेली थरथरती फुली आणि तिच्या आजूबाजूस पाद्र्याने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलेले त्यांचे नाव ही जोडी पानोपानी आढळते. धंद्याच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेले की ‘मजूर’, पुन्हा ‘मजूर’, त्याखाली ‘मजूर’ असा एकच शब्द येत राहतो. मग मध्येच कोठे ‘लोहार’, कोठे ‘सुतार’, कोठे ‘जोडे शिवणारा’ असा शब्द येतो आणि वाचणाऱ्याचे बोट तेथे आपोआप थबकते. ते थबकले म्हणूनच मी या प्रवासास निघालो. शेकडो मजुरांच्या गर्दीत मोजक्याच नोंदींनी उरलेल्या या माणसांचे गावातील स्थान नेमके काय होते, हे मला त्यांच्या गावी जाऊन समजून घ्यावयाचे होते.

परगण्याचा ईशान्य कोपरा मी निवडला, याचे कारण फ्लोरा टॉम्पसन ही लेखिका. १८७६ च्या डिसेंबरात ज्युनिपर हिल नावाच्या वाडीत एका गवंड्याच्या घरी ती जन्मली, आणि उतारवयात, १९३९ ते १९४३ या काळात, तिने आपल्या बालपणाची हकिकत तीन पुस्तकांत लिहिली. गावांची नावे तिने बदलली. ज्युनिपर हिलला तिने ‘लार्क राइझ’ म्हटले. परंतु वाटा व अंतरे अशी बिनचूक ठेवली की पुस्तक हाती धरून चालणारा मनुष्य आजही योग्य ठिकाणी पोहोचतो.

बिसेस्टरहून ब्रॅक्लीकडे जाणारा हमरस्ता सोडून आत वळले की मोटारींचा आवाज मागे पडतो आणि सपाट शेतांच्या मध्ये थोडीशी घरे दिसतात. हीच ती वाडी. येथे पूर्वी माळरान होते व त्यावर गरिबांनी झोपड्या उभारल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते माळरान कुंपणे घालून वाटून घेण्याचे ठरले तेव्हा वाडीकरांनी निकराने विरोध केला, परंतु अखेर माळ गेला आणि त्यावर सरपण व गुरचराई यांचा हक्क सांगणारी माणसे दुसऱ्याच्या शेतावर रोजाने राबू लागली. फ्लोराच्या लहानपणी त्यांचा आठवड्याचा पगार दहा शिलिंग होता. त्यात बायको, सहा-सात मुले व घरभाडे भागवावयाचे. सुगीत मिळालेले जादा पैसे घरमालकाच्या हाती जात, आणि घरामागच्या खुराड्यातील डुक्कर व बागेतील बटाटे हाच काय तो वर्षाचा आधार असे. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की मोलकरीण म्हणून दूरच्या घरी धाडली जाई.

अशा वस्तीत फ्लोराचा बाप, आल्बर्ट टिम्स, हा गवंडी. त्याची मिळकत मजुरांपेक्षा फार अधिक होती असे नव्हे. पण त्याची थापी, ओळंबा व छिनी ही त्याच्या स्वतःच्या मालकीची होती, तो कोणत्याही शेतमालकाचा बांधील नव्हता, आणि म्हणून आपली राजकीय मते तो उघडपणे बोलून दाखवू शकत असे. ग्रामीण मजुरास मताचा अधिकार १८८४ मध्ये मिळाला खरा. तरी ज्याचे घर मालकाचे व भाकर मालकाची, त्याला तोंड उघडताना दहा वेळा विचार करावा लागतो. स्वतःचे हत्यार स्वतःच्या हाती असणे म्हणजे काय, हे मला त्या वाडीत उभे राहिल्यावर प्रथम नीट उमगले.

याच वाडीतील म्हातारी क्वीनी लेस विणीत असे. उशीवर टाचण्या रोवून, त्यांच्याभोवती लाकडी व हाडाच्या बारीक फिरक्या अदलाबदल करीत सुताची जाळी गुंफण्याचा हा धंदा मिडलंडच्या खेड्यांत घरोघर चालत असे. हिवाळ्यात विणकरणी एका मेणबत्तीचा उजेड पाण्याने भरलेल्या काचेच्या चंबूतून एकवटून आपापल्या उशीवर पाडीत, आणि सुतावर काजळी बसू नये म्हणून चुलीजवळ न बसता पायांशी निखाऱ्यांचे मातीचे मडके ठेवीत. नॉटिंगहॅमच्या यंत्रांवर स्वस्त लेस निघू लागली आणि बोटांचे हे कसब एका पिढीत निरुपयोगी झाले. क्वीनीने उशी झाकून ठेवली आणि मधमाश्या पाळल्या. व्हिक्टोरियन समृद्धीचे हिशेब मांडणाऱ्यांनी ती झाकलेली उशीही त्यात धरावी, असे मला कळकळीने वाटते.

वाडीला स्वतःचे चर्च वा शाळा नव्हती. दोन्हींसाठी मुलांना दीड मैलावरील कॉटिसफोर्ड या मूळ गावी पायी जावे लागे. तीच वाट मी धरली. चर्च अगदी लहान आहे, त्यास मनोरा नाही. रविवारी तेथे बसण्याचीही एक रीत होती: वरच्या भागात भिंतीशी जमीनदार व पाद्री यांची कुटुंबे, त्यांच्या मधोमध बाकांवर शाळेची मुले, पायऱ्या उतरून खाली शेतमालक, आणि त्यांच्या मागे झोपड्यांतील माणसे. पॅरिश ही तेव्हा नुसती धार्मिक संस्था नव्हती. रस्ते, गरिबांचा प्रतिपाळ, करआकारणी हा सारा कारभार पूर्वापार तिच्याच सभेत चाले. त्यातील बराचसा भाग १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने अनेक पॅरिशांच्या संयुक्त मंडळांकडे गेला, आणि १८९४ साली निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलांनी उरलेला दिवाणी कारभार उचलला.

पुढे हेथ गावावरून फ्रिंगफोर्ड. १८९१ मध्ये, चौदा वर्षांची असताना, फ्लोरा येथे टपालकचेरीत उमेदवारीस लागली. आणि ती कचेरी व गावची लोहारशाळा एकाच घरात होती. एका अंगास तारायंत्र, दुसऱ्या अंगास भाता. टपाल हाताळण्यापूर्वी त्या पोरीला न्यायाधीशापुढे जाऊन गुप्ततेची शपथ घ्यावी लागली, आणि पलीकडे घणाचे घाव पडत असता तिने तारा घेण्याची विद्या आत्मसात केली. तिच्या पुस्तकात लोहारशाळेची मालकीण एक स्त्री आहे. बापाचा धंदा तिने चालविला आहे. जेवणाच्या मेजावर मालकीण शिरोभागी, मुख्य कारागीर समोरच्या टोकाला, तरुण लोहार कडेने, आणि मोलकरीण निराळ्या छोट्या मेजावर, अशी तेथेही श्रेणी होती. तथापि एकाच छपराखाली, एकाच मांसाच्या तुकड्यातून सारे जेवत होते. लोहार म्हणजे नुसता नालबंद नव्हे. नांगराचे फाळ, फाटकाच्या बिजागऱ्या, कुदळी, चुलीच्या सळ्या, इतकेच काय चर्चमधील लोखंडी कामही त्याच्याकडेच येई, आणि गाडीच्या चाकाला धाव बसविणे हे सुताराच्या व त्याच्या सहकार्याचे काम होते.

ते काम सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. रीडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात जुन्या शेतगाड्या मी जवळून पाहिल्या होत्या, आणि सरे परगण्यातील फार्नहॅमचा चाके घडविणारा जॉर्ज स्टर्ट याने १९२३ मध्ये आपल्या दुकानाविषयी लिहिलेला ग्रंथ वाचलेला होता, त्यामुळे लोहारशाळेच्या परसात उभे राहताच ते सारे दृश्य डोळ्यांपुढे मांडणे कठीण गेले नाही. चाकाचा तुंबा एल्मचा, कारण त्याचे गुंतागुंतीचे तंतू फाटत नाहीत. आरे ओकचे, तेही करवतीने न कापता तंतूच्या रेषेवर फोडून काढलेले. आणि परिघाचे वाकडे तुकडे लवचीक अ‍ॅशचे. लोखंडी धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करावयाची. चाक जमिनीवरील लोखंडी तबकडीवर घट्ट जखडून ठेवायचे, धाव गोल आगटीत लालभडक तापवायची, आणि तीन-चार जणांनी लांब सांडशांनी ती उचलून चाकावर चढवायची. लाकूड पेट घेते, धूर डोळ्यांत जातो, घण पडतात. मग लगेच झाऱ्यांनी पाण्याची धार धरायची, वाफेचा लोट उठतो, लोखंड आवळत जाते आणि चाकाचे सांधे कुरकुरत एकमेकांत इतके गच्च बसतात की पुढे वर्षानुवर्षे ते हलत नाहीत. एक क्षण उशीर झाला तर लाकूड जळते, एक क्षण घाई झाली तर धाव बसत नाही.

महाराष्ट्रीय वाचकास येथे आपल्या बारा बलुतेदारांची आठवण होणे अगदी स्वाभाविक आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून जी व्यवस्था नोंदवून ठेवली, तिच्याशी ताडून पाहण्याचा मोह मलाही आवरला नाही. साम्य खरे आहे, पण भेद अधिक बोधक आहे. आपला लोहार वतनदार. त्याला खळ्यावर धान्याचा वाटा, आणि त्याचा धंदा जातीने ठरलेला. इंग्लिश लोहारास गावाने वाटा दिला नाही. त्याने खातेवही ठेवली, आणि शेतमालकाची उधारी बहुधा वर्षाच्या अखेरीस वसूल केली. धंदा तेथेही बापाकडून मुलाकडे जाई. परंतु उमेदवारीचा करार करून दुसऱ्याचाही मुलगा तो शिकू शकत असे. मात्र रूढीचा अंमल तेथेही कमी नव्हता. १८८४ मध्ये बापामागे दुकान हाती घेतल्यावर स्टर्टने हिशेब तपासले तेव्हा त्याला आढळले की दर पूर्वापार चालत आलेले होते आणि कित्येक कामे खर्चाहून कमी किमतीत होत होती. बाजारभावापेक्षा गावाची अपेक्षा बलवत्तर होती. आपल्याकडील बलुत्याचे गुण गाताना त्यातील जातीचे बंधन विसरणे, अथवा इंग्लिश कारागिराचे स्वातंत्र्य वाखाणताना त्याच्या अंगावर पडलेला हा रूढीचा बोजा विसरणे, दोन्हीही मला सारखेच अन्यायाचे वाटते.

१८७० नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य येऊ लागले, शेती मंदावली, आणि शेती मंदावल्यावर गाड्या व नांगर यांची मागणी घटली. त्याच सुमारास नॉर्दॅम्प्टनच्या कारखान्यांतून तयार जोडे दुकानांत आले, आणि गावच्या जोडे शिवणाऱ्याकडे ठिगळांपुरतेच काम उरले. कोणा जमीनदाराने हे कारागीर हाकलले नाहीत. स्वस्त मालाने त्यांना एकेक करून निवृत्त केले.

फ्रिंगफोर्डच्या हिरवळीपलीकडील एका तबेल्यापुढे एक नालबंद काम करीत होता. त्याची भट्टी मोटारीच्या मागच्या भागात, वायूवर चालणारी; ऐरण मात्र जुन्याच घडणीची. घोडीचा पाय दोन्ही मांड्यांत धरून तो खुराची वाढ कापीत असता मी त्याला धंद्याविषयी विचारले. लोखंड टेकताच खुरातून निघालेल्या पिवळट धुराआडून त्याने सांगितले की, आता नांगराचे घोडे नाहीत, स्वारीचे आहेत. गिऱ्हाइके दहा-पंधरा गावांत पसरलेली, म्हणून लोहारशाळाच गिऱ्हाइकाकडे जाते. १९७५ च्या कायद्याने, ज्याचे नाव नालबंदांच्या पटावर नाही त्यास घोड्याला नाल मारण्याची मनाई आहे, आणि पटावर नाव चढण्यासाठी उस्तादाच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी करून परीक्षा द्यावी लागते. त्याचा उमेदवार, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, जवळच खिळे निवडीत बसला होता. तो लोहाराच्या घरातला नव्हता. त्याचा बाप बिसेस्टरला दुकानात काम करतो, असे त्याने सांगितले. उस्तादाने हाक मारताच तो उठला, मागचा डावा पाय त्याने स्वतः उचलून धरला, आणि नालाची कड खुराशी बरोबर जुळते की नाही हे दोघेही वाकून पाहू लागले.