डिस्क कोण खातंय?

आमच्या हॉस्टेलवर कॉम्प्युटर स्लो झाला की तीनच औषधं मिळतात: रिफ्रेश मार, रिस्टार्ट मार, फॉरमॅट मार. पहिल्यानं काहीच होत नाही, डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा काढले जातात इतकंच. पण एफ-फाइव्हवर बोट आपटल्याचं समाधान मिळतं. तिसरं मात्र जालीम. पार्टनरच्या सेकंडहँड लॅपटॉपला ते देऊन झालं होतं. दुकानदारानं विंडोज नव्यानं घातलं, महिन्याभरात गाडी पुन्हा रुतली, आणि या वेळी निदान आलं, "बोर्ड गेलाय. नवीनच घ्या."

पार्टनर तासगावचा, घरी द्राक्षबाग. नोव्हेंबरात बागायतदाराचा पैसा औषधफवारणीत नुसता जात असतो. येतो तो माल निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चला. आणि प्रोजेक्टचं पहिलं प्रेझेंटेशन आठ दिवसांवर. "आबांना कुठल्या तोंडानं सांगू लगा?" म्हणत तो फोन हातात धरून बसला होता. म्हटलं, थांब, आधी मशिनलाच विचारू.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. टास्क मॅनेजर उघडायलाच मिनिट लागलं. सीपीयू १२ टक्के. पार्टनर म्हणाला, "बघ, काहीच चालू नाही, म्हणजे बोर्डच." पण शेजारच्या रकान्यात डिस्क १०० टक्के! आचारी हातावर हात ठेवून बसलाय, कारण कोठीतून सामान आणणारा गडी एकच आणि तो दुसऱ्याच कुणाच्या कामाला जुंपलाय, असा प्रकार. सेफ मोडमध्ये चालू करून पाहिलं. तिथे विंडोज अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस उचलतं. लॅपटॉप शहाण्यासारखा चालला. म्हणजे बोर्ड ठणठणीत. खाणारा कुणीतरी मागच्या दारानं येत होता.

पुन्हा नेहमीसारखं चालू करून रिसोर्स मॉनिटर उघडला. त्यातला डिस्कचा टॅब फार कमी लोक बघतात, पण या घडीला कोणती प्रोसेस कोणती फाइल वाचतेय ते तिथे नावानिशी दिसतं. सरसर नावं येत होती. सगळी पानांची!

त्याचा प्रोजेक्ट पानांवरचे रोग ओळखण्याचा. त्यासाठी 'प्लांटव्हिलेज' हा संच उतरवलेला: ५४,३०६ फोटो, एकूण एक डेस्कटॉपवर. वर त्याचा प्रोग्राम प्रत्येक फोटोची लहान प्रत तिथेच टाकत होता. आणि इंटरनेटवर आपोआप बॅकअप घेणारा एक प्रोग्राम डेस्कटॉपवरची प्रत्येक फाइल उघडून, तपासून, वर पाठवू पाहत होता. तीही हॉस्टेलच्या वाय-फायवरून! विंडोज घालताना दुकानात 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबलं गेलं, तेव्हाच तो चालू झाला असणार. त्याच्यामागे प्रत्येक उघडलेली फाइल हुंगणारा अँटिव्हायरस होताच.

आता हिशेब बघा. डिस्क ५४०० आरपीएमची, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, हेड सरकायला आणखी दहाएक मिलिसेकंद. सुट्या सुट्या जागांवरची वाचनं सेकंदाला साठ-पासष्टच्या वर जात नाहीत. एकच मोठा पिक्चर कॉपी करताना ही डिस्क पळते, कारण तिथे सलग वाचायचं असतं. लाखभर चिल्लर फाइल्सपुढे तिनं मान टाकली यात तिचा काय दोष? (एसएसडीत फिरणारी तबकडीच नसते, म्हणून 'एसएसडी टाक' म्हणणारे अगदीच चुकीचे नव्हते. पण पैसे कुठे होते?)

त्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून आधी 'पॉज' केलं. लगेच काही झालं नाही. मग आकडा उतरू लागला: ८०, ४५, ६. पार्टनर स्क्रीनच्या इतका जवळ गेला की मलाच काही दिसेना.

फोटोंचा फोल्डर डेस्कटॉपवरून दुसऱ्या ड्राइव्हवर नेला, डेस्कटॉपचा बॅकअप बंद केला. रिपोर्टच्या फोल्डरचा तेवढा राहू दिला. रात्री ट्रेनिंग लावून झोपलो, सकाळी फेरी पूर्ण झालेली.

आबांना फोन त्यानं केलाच, नाश्त्याच्या वेळी. डाऊनी कितपत आलाय, फवारणी कितवी चालू आहे, एवढंच बोलला.