एका घरातली तीन कलमं

२२ ऑगस्ट २०२५. पोळा. पुण्याहून रात्रभराचा प्रवास करून मी सकाळी वणीला उतरलो आणि तिथून मारेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाला गेलो. बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून झाल्या. तोरणाखाली पोळा फुटला, बैल घरोघर पूजेला फिरले. दिवस कलला तसा गावामागच्या कडुलिंबाखाली पत्त्यांचा डाव बसला. दरवर्षी बसतो. आमच्याकडे पोळ्याला पत्ते खेळणं ही प्रथा आहे आणि पैसे लावून खेळणं हा गुन्हा आहे, हे दोन्ही सगळ्यांना माहीत असतं. म्हणून एका पोट्ट्याला रस्त्याकडे तोंड करून बसवतात. पोलिसांची जीप दिसली की त्याने शिट्टी मारायची.

मी काठावर बसून मोबाइल बघत होतो. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज येत होते. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० तारखेला लोकसभेत मंजूर झालं होतं, २१ला राज्यसभेत, आणि आता त्यावर राष्ट्रपतींची सही झाली होती. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. मी ज्या कंपनीत नोकरी करत होतो, ती नेमकं तेच ॲप चालवायची. पैशांची रमी. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘सीव्ही अपडेट करून ठेवा रे.’

मोठेबाबांनी पान टाकता टाकता माझ्याकडे पाहिलं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ.

"तोंड कायले उतरलं बे तुह्यं?"

"आमची कंपनी बंद होते वाटते, मोठेबाबा. पैशानं खेळवणं गुन्हा झाला."

"थे तर पयलेपासूनच हाये," ते म्हणाले आणि त्यांनी पुढचं पान उचललं.

*

मोठेबाबांना हे सांगायचा हक्क आहे. २०११ साली त्यांच्यावर केस झाली होती. मी तेव्हा आठवीत होतो. बाजाराच्या दिवशी एका टपरीमागे आकडा लावताना ते सापडले. आमच्याकडे त्याला सट्टापट्टी म्हणतात, मुंबईकडे मटका. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. आकडे लिहिलेली चिठ्ठी, एक डॉटपेन आणि रोख ३४० रुपये असा मुद्देमाल जप्त. जुगार प्रतिबंधक कायदा कलम १२ (अ) अन्वये गुन्हा दाखल. खाली पूर्ण नाव, वय, गाव. दंड भरून प्रकरण मिटलं, पण शाळेत पोरं मला पुढे वर्षभर ‘बारा अ’ म्हणत होती. मोठीआईने तो पेपर चुलीत घातला. गावात पेपर एकच येत नाही, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

त्या कायद्याशी माझी दुसरी भेट झाली ती पुण्यात, कंपनीत लागल्यावर. पहिल्या आठवड्यात नव्या लोकांना लीगल टीमने एक प्रेझेंटेशन दाखवलं. ‘आपण जुगार कंपनी नाही’ ही पहिलीच स्लाइड. पुढच्या स्लाइडवर तोच कायदा, १८८७चा. इंग्रजांनी मुंबई इलाख्यासाठी केलेला. तेव्हा आमचा जिल्हा त्या इलाख्यात नव्हताच. तो वऱ्हाडात होता, आणि त्याचं नावही यवतमाळ नव्हतं, वणी होतं. १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर तो कायदा आमच्यापर्यंत पोचला. कलम १२ सार्वजनिक जागी जुगार खेळणाऱ्यांसाठी. झुंजीसाठी पक्षी-प्राणी सोडणारेही त्याच कलमात येतात, म्हणजे आमच्याकडचा कोंबडबाजारही. आणि त्याला लागूनच कलम १३: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही.

मोठेबाबा बारामध्ये अडकले होते. आमची कंपनी तेरामधून सुटत होती. मधे एका कलमाचंही अंतर नव्हतं.

रमी तेरामध्ये कशी गेली, त्याचीही गोष्ट त्या प्रेझेंटेशनमध्ये होती. सिकंदराबादच्या एका क्लबवर १९६३ साली पोलिसांनी धाड टाकली. हैदराबादच्या जुगार कायद्याखालचा तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६७मध्ये निकाल लागला: रमीत कुठली पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, हातातलं काय ठेवायचं नि काय टाकायचं ते ठरवावं लागतं, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची. एवढ्या निकालावर पुढे पन्नासेक वर्षांनी भारतातल्या रमीच्या ॲप्सचा धंदा उभा राहिला.

मी तो निकाल नंतर एकदा मुळातून वाचला. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या स्लाइडवर नव्हती. क्लबचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, असंही कोर्टाने तिथेच म्हटलं आहे. आता अड्ड्यावर काय होतं? खेळवणारा दर डावातून आपला हिस्सा बाजूला काढतो. कोणी जिंको, कोणी हरो, त्याचा हिस्सा ठरलेला. त्याला नाल म्हणतात. आमच्या ॲपमध्येही दर टेबलवर हिस्सा कापला जायचा. त्याला प्लॅटफॉर्म फी म्हणायचे. मी हे एकदा जेवताना टीममध्ये बोललो. सगळे हसले, मीही हसलो. पगार वेळेवर येत होता.

*

सॉफ्टवेअरवाल्याला कायदा कसा दिसतो? मला तो एका फाइलसारखा दिसायचा. त्या फाइलमध्ये राज्यांची यादी होती. तेलंगणाने २०१७ मध्ये कायदा बदलून पैशांच्या ऑनलाइन रमीवर बंदी आणली होती, आंध्रने २०२० मध्ये. जुगार हा विषय घटनेत राज्यांच्या यादीत, त्यामुळे प्रत्येक राज्याचं वेगळं. युजरचं लोकेशन त्या राज्यातलं आलं की पैशाचं टेबल उघडायचं नाही, एवढं माझ्या कोडने बघायचं.

आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा आहे. पांढरकवड्यावरून आदिलाबादकडे जाताना पाटणबोरी लागते, मग पिंपळखुटीचा चेकपोस्ट, मग नदी. एकदा घरच्यांसोबत आदिलाबादला लग्नाला जाताना मी गाडीत मोबाइलवर आमचं ॲप उघडून ठेवलं. पुलाच्या अलीकडे टेबल चालू होतं, पलीकडे ‘तुमच्या राज्यात ही सेवा उपलब्ध नाही’ असा मेसेज आला. मला भारी आनंद झाला. माझं कोड बरोबर चालत होतं. दोन्ही काठांवर कपाशीच होती, आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्यांच्या खिशात तसेच मोबाइल होते, हे मला त्या वेळी सुचलंही नाही.

मग १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. आमच्याकडे त्या महिन्यात दिवसरात्र काम चाललं. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘कर घेतात म्हणजे आता बंद नाही करणार.’ आम्हा सगळ्यांना ते पटलं. त्याला दोन वर्षंही झाली नव्हती, आणि पोळ्याच्या दिवशी त्यावर सही झाली.

*

माझं दुसरं काम होतं लोकांना परत बोलावण्याचं. कोणी तीन दिवस ॲप उघडलं नाही की त्याला मेसेज जायचा. कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत, किती रुपयांचा बोनस दाखवून, हे सगळं मोजून ठरायचं. रात्री साडेदहाच्या पुढे लोक जास्त परत येतात, हे आम्हाला आकड्यांतून दिसलं. माझ्यासमोर माणसं नव्हती, आलेख होता, आणि तो वर गेला की शुक्रवारी पिझ्झा असायचा.

मार्च २०२५मध्ये मोठेबाबांचा फोन आला. ते मला सहसा फोन करत नाहीत.

"बाबू, दादानं चुकारा उडवला."

दादा म्हणजे त्यांचा मुलगा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्या वर्षी आमच्या शेतातला बावीस क्विंटल कापूस सीसीआयला गेला होता. लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ रुपये होता, प्रतवारीत थोडा कमी होऊन एक लाख साठ हजारांच्या आसपास चुकारा दादाच्या खात्यात जमा झाला. त्यातून कृषी केंद्राची उधारी फेडायची होती, मोठीआईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. बँकेत गेल्यावर खात्यात अकराशे रुपये निघाले.

मी गावी गेलो. दादा माझ्याशी बोलेना. शेवटी त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. ॲप आमच्या कंपनीचं नव्हतं, दुसऱ्या एका कंपनीचं होतं. खरं सांगतो, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी नोटिफिकेशन खाली ओढलं. रात्री १०.४७: तुमची सीट अजून रिकामी आहे, २०० रुपये बोनस तुमची वाट बघतोय. मी लिहिलं असतं तरी असंच लिहिलं असतं. वेळही हीच निवडली असती.

"दिवसभर कापूस वेचणाऱ्यायच्या मांगं फिरलो का रात्री झोप येत नव्हती," दादा म्हणाला. "मेसेज आला का वाटे, कोनी तरी आवाज देऊन रायलं."

मी त्याला साठ हजार दिले. मोठीआईचं ऑपरेशन झालं. ते पैसे माझ्या पगारातले होते, आणि पगार कुठून येतो ते मला माहीत होतं. दुसऱ्या कुठल्या गावच्या दादाचे साठ हजार आमच्या दादाला पोचले, असा हिशोब मी त्या रात्री मांडला आणि कोणालाच सांगितला नाही. नोकरीही सोडली नाही. पुढे पाच महिने मी तेच काम करत होतो.

*

पोळ्याच्या रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाइलवर नवा कायदा वाचून दाखवला. अंगणात मोठेबाबा होते, दादा होता, बैलांचे रंगलेले खांदे कंदिलाच्या उजेडात दिसत होते. या कायद्यात कौशल्य की नशीब, हा प्रश्नच काढून टाकला आहे. पैसे लावून ऑनलाइन खेळवलं की गुन्हा. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. पैसे फिरवून देणाऱ्या बँकांनाही शिक्षा.

"अन् खेळनाऱ्याले?" दादाने विचारलं.

"काहीच नाही. खेळणारा पीडित आहे असं सरकारचं म्हणणं आहे."

दादा गप्प बसला. मोठेबाबा मात्र सरळ झाले. "म्हंजे तीनशे चाळीस रुपये खेळलो तं मी आरोपी, अन् यानं दीड लाख उडवले तं हा पीडित?"

"तुमचा कायदा वेगळा आहे, मोठेबाबा. तो १८८७चा, राज्याचा. तो तसाच आहे."

मग मी त्यांना त्या जुन्या कायद्यातली मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली गोष्ट सांगितली. त्यात जुगाराचे प्रकार मोजले आहेत, आणि त्यात कापसाच्या बाजारभावावर, त्या भावातल्या अंकांवर लावलेली पैज आहे. पाऊस पडेल की नाही, किती पडेल, यावरची पैजही आहे. कारण मुंबईत आकड्याचा जुगार कापसापासूनच सुरू झाला. न्यू यॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते नि बंद होते भाव तारेने मुंबईला यायचे, लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथले. १९६१ला ते भाव येणं थांबलं, तेव्हा १९६२ला कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ला रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. कापूस गेला, आकडे राहिले.

मोठेबाबा बराच वेळ हसले. "पान्यावर अन् कापसाच्या भावावर जुगार खेळनं गुन्हा हाये? मंग आमी मिरगापासून काय करतो?"

दादाही हसला. मार्चनंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

हसणं ओसरल्यावर मोठेबाबांनी विचारलं, "मी बारा अ. हा पीडित. तू कोन्त्या कलमात येतं?"

मी कायदा वरून खालपर्यंत परत चाळला. कंपनीचा कारभार ज्यांच्या हातात होता त्यांच्यासाठी कलम आहे. रात्री १०.४७ वाजता मेसेज पाठवायचं कोड लिहिणाऱ्यासाठी काही नाही. "कोणत्याच नाही," मी म्हणालो.

"बरं हाये," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, पुतण्या वाचला याचं समाधानच होतं. मला ते ऐकवेना.

*

आठवड्याभरात कंपनीने पैशांचे खेळ बंद केले, पुढच्या महिन्यात माझी नोकरी गेली. आता मी दुसरीकडे आहे, मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये. कंपन्या नव्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. कायदा कोर्टात टिकेल की बदलेल, ते दिसेलच. आजवर तर तो बदलतच आला आहे. बदलला नाही तो नाल काढणारा.

परवा दादाचा फोन आला. त्याला टेलिग्रामवर कुठल्या तरी परदेशी साइटची लिंक आली होती. पैसे फोनवरून एका एजंटला द्यायचे, बाकी सगळं तसंच.

"कोनी पाठवली माईत नाई," तो म्हणाला. "तुले माईत असन, म्हनून फोन केला. हे मेसेज बंद कसे करतात?"

मी त्याला फोनवर एकेक पायरी सांगितली. सेटिंग उघड. नोटिफिकेशन. ब्लॉक. पंधरा मिनिटं लागली. शेवटी तो म्हणाला, "झालं वाटते." मी म्हणालो, स्क्रीनशॉट पाठव, बघतो. त्याने पाठवला. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते.